वादळात किनाऱ्यावर आलेला समुद्रपक्षी सापडला तर

जून-जुलैच्या वादळी वाऱ्यात कोकण किनाऱ्यावर मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी दमून येऊन पडतात. दया येऊन लोक त्यांना उचलून पुन्हा लाटांत सोडतात. तसं करू नका. त्याच्यात उडायचं बळ असतं तर तो वाळूत बसलाच नसता.

आधी कुत्री आणि मोबाईलवाले दूर करा. मागून टॉवेल टाकून पंखांसकट धरा. चोच थेट डोळ्यांवर येते, म्हणून तोंड लांब ठेवा, चष्मा असेल तर घाला. पण चोच दोरीने किंवा रबराने बांधायची नाही! बूबीच्या बाहेरच्या नाकपुड्या बंद असतात, तो तोंडाने श्वास घेतो. चोच बांधली तर गुदमरेल. भोकं पाडलेल्या खोक्यात जाड टॉवेल अंथरून अंधारात, शांत जागी ठेवा. बोंबील भरवू नका, घशात पाणी ओतू नका. पिसांना तेल लागलं असेल तरी धुणं जाणकारांवर सोडा.

मग वनविभागाच्या १९२६ हेल्पलाइनवर कळवा आणि नेमकी जागा सांगा. घरी ठेवून घेणं बेकायदा आहे.