हू, व्हिच, दॅट: इंग्रजीतली वाक्यं जोडताना 'तो' कुठे सोडायचा

आपल्याकडे मालवण-तारकर्लीला आता घरोघरी होमस्टे झालेत, पाहुण्यांना मेसेज इंग्रजीतच जातात, आणि त्यात एक चूक सगळ्यात जास्त दिसते. 'द मॅन हू ड्राइव्ह्ज द रिक्षा, ही विल कम अ‍ॅट सेव्हन.' चूक त्या 'ही'ची आहे. मराठीत 'जो रिक्षा चालवतो तो सातला येईल', जो आला की तो येणारच, जोडीच आहे ती, आणि आपण ती जोडी उचलून तशीच इंग्रजीत नेतो. इंग्रजीत जोडी नाही, हू आला की काम संपलं. 'द मॅन हू ड्राइव्ह्ज द रिक्षा विल कम अ‍ॅट सेव्हन.' बस.

दुसरी गोष्ट जागेची. मराठीत जो-वालं वाक्य आधी टाकलं तरी चालतं, इंग्रजीत आधी माणूस किंवा वस्तू आणि तिला लगेच चिकटून हू किंवा व्हिच.

सवय लावायची तर आधी दोन छोटी वाक्यं लिहा. 'आय बॉट द सुरमई. यू सॉ इट इन द मार्केट.' दोन्हीकडे सुरमईच आहे ना, मग दुसऱ्यातला 'इट' काढा, त्याच्या बदली दॅट घ्या आणि तो सुरमईच्या शेजारी आणून ठेवा: 'आय बॉट द सुरमई दॅट यू सॉ इन द मार्केट.' इथे बरेचजण 'सॉ इट' लिहून मोकळे होतात, म्हणून वाक्य झालं की परत वाचून बघायचं, इट, हिम, देम असं काही मागे राहिलंय का. आणि दॅटच्या पुढे लगेच यू, आय, वी असा कर्ता असेल तर दॅट गाळला तरी चालतो, 'द सुरमई यू सॉ', बोलताना लोक असंच बोलतात. पण पुढे थेट क्रियापद असेल, 'द बोट दॅट गोज टू द फोर्ट', तर नाही गाळायचा.

माणसाला हू, वस्तूला व्हिच किंवा दॅट, 'ज्याचा-जिची'ला हूज. यात फार डोकं लावू नका.

डोकं लावायचं ते स्वल्पविरामात. 'माय ब्रदर हू वर्क्स इन मुंबई इज कमिंग फॉर गणपती' म्हणजे भाऊ दोन-तीन आहेत, त्यातला मुंबईवाला येतोय. तेच 'माय ब्रदर, हू वर्क्स इन मुंबई, इज कमिंग' लिहिलंत की भाऊ एकच, मुंबईचं आपलं जाता जाता सांगितलं. दोन स्वल्पविरामांमधलं उचलून टाकलं तरी कोण येतोय ते कळतं. म्हणून गावाच्या, किल्ल्याच्या नावानंतर स्वल्पविराम लागतोच, कारण नाव घेतल्यावर कुठला ते आणखी सांगायची गरजच नसते: 'सिंधुदुर्ग फोर्ट, व्हिच शिवाजी महाराज बिल्ट, स्टँड्स ऑन कुरटे आयलंड.' आणि असा स्वल्पविराम आला की तिथे दॅट चालत नाही, व्हिचच लागतो. हे पक्कं ठेवा, परीक्षेत हमखास विचारतात.

जागेसाठी व्हेअर. रत्नागिरीचा थिबा पॅलेस घ्या, ब्रह्मदेशचा राजा 1916 मध्ये वारला तोपर्यंत तिथेच राहिला: 'थिबा पॅलेस, व्हेअर द किंग लिव्ह्ड टिल 1916, इज इन रत्नागिरी.' व्हेअर वापरलात तर 'लिव्ह्ड इन' नको, नुसतं लिव्ह्ड. व्हिच वापरलात तर मात्र 'इन' हवाच, 'द पॅलेस व्हिच ही लिव्ह्ड इन'.