दोन अनोळखी कवितांची तुलना: ८ पैकी ३ वर अडकलेली गाडी कशी निघाली

लेक इंग्लंडमध्ये जीसीएसईला (तिथली दहावीसारखी परीक्षा), बोर्ड एक्यूए. इंग्रजी साहित्याच्या दुसऱ्या पेपरात शेवटी दोन न वाचलेल्या कविता: पहिलीवर २४ गुण, मग दोघींच्या तुलनेला ८. सरावात तुलनेला दर वेळी ३ च. अलंकारांची यादी पाठ केली, अर्धं पान हिच्यावर अर्धं तिच्यावर लिहिलं, तेच. डोकं फिरायची वेळ आली.

मग गुणदानाचा तक्ता नीट वाचला. या ८ गुणांत कवीची तंत्रं आणि त्यांचा परिणाम एवढंच मोजतात. आशय पुन्हा सांगणं फुकट.

आता आधी दुसरी कविता दोनदा वाचायची, पेन खाली ठेवून. मग पहिलीच्या उत्तरात सापडलेली दोन तंत्रं घ्यायची आणि दुसरीत त्या जागी काय आहे ते शोधायचं. सरावातल्या निरोपाच्या कवितांत एकीच्या ओळी वाक्य अर्धवट सोडून तुटत होत्या, दुसरीत प्रत्येक ओळीला पूर्णविराम. एका बापाला हात सोडवत नाही, दुसऱ्याने मन घट्ट केलंय, हे तिथेच दिसलं. दोन्ही एकाच वाक्यात, मध्ये ‘व्हेअरॅज’ (whereas, म्हणजे ‘तर’). असे दोनच परिच्छेद. अख्खा पेपर १३५ मिनिटांत ९६ गुणांचा, म्हणजे याला जेमतेम ११ मिनिटं.

पुढच्या सरावात ६ आले.