सेनापती ते सत्ताधीश: मुंबईत राहून अभ्यासलेख कसा लिहावा

इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी निबंध लिहिणाऱ्यांना किंवा एखाद्या ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेसाठी भाषण तयार करणाऱ्यांना लढाईतून राज्यकारभारात आलेल्या पुरुषांचा विषय मोहात पाडतो, आणि मग निम्मी पाने रणांगणाच्या वर्णनातच संपतात. लढाई जिंकणारे पुष्कळ असतात. त्यांतील मोजकेच सत्तेवर बसतात आणि त्याहूनही मोजक्यांची व्यवस्था त्यांच्या मागे टिकते. म्हणून लेखाची उभारणी लढायांवर न करता तीन प्रश्नांवर करावी. फौजेचा पगार कोठून येत होता? सत्ता कोणाच्या नावाने चालवली जात होती? त्या माणसानंतर फौज कोणाच्या हाती गेली, आणि ती कोणत्या नियमाने गेली?

प्रथम एकच व्यक्ती निवडावी. रोमच्या सीझरपासून इजिप्तच्या नासरपर्यंत सगळ्यांना एका लेखात कोंबले, तर कोणाविषयीच काही सांगून होत नाही. मुंबईतील मराठी लेखकाला महादजी शिंदे सर्वांत सोयीचे आहेत, कारण त्यांच्याविषयीचे मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही बाजूंचे कागद छापून उपलब्ध आहेत आणि वरील तिन्ही प्रश्न त्यांच्या चरित्रात ठळकपणे उभे राहतात. पुढील विवेचन त्यांच्याच उदाहरणाने केले आहे.

पगाराच्या प्रश्नावर सर्वाधिक वेळ द्यावा. राणोजी शिंद्यांचे हे पुत्र 1761 च्या पानिपतातून जखमी होऊन वाचले, 1771 मध्ये मराठ्यांनी दिल्ली घेतली तेव्हा आघाडीवर होते आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी शाह आलम बादशहा राजधानीत परतला, ही हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. मात्र 1787 च्या लालसोटच्या मोहिमेत जयपूर-जोधपूरच्या फौजांसमोर महादजींना माघार का घ्यावी लागली, याचे उत्तर केवळ रणनीतीत शोधू नये. बादशाही चाकरीतील सरदार आणि पलटणी त्यांना सोडून शत्रूला मिळाल्या, आणि या फितुरीमागे थकलेल्या पगाराचे मोठे कारण होते. या अनुभवानंतर त्यांनी डी बॉइन या युरोपीय सेनानीच्या हाताखालील कवायती पलटणी वाढवून त्यांचे कंपू, म्हणजे ब्रिगेड, उभे केले आणि त्यांच्या खर्चासाठी गंगा-यमुनेमधील दुआबातील अलीगढच्या बाजूचा मुलूख तोडून दिला. पगार वेळेवर मिळू लागला, आणि 1790 मध्ये राजस्थानातील पाटण व मेडता येथील लढायांत त्याचा परिणाम दिसला. निबंधात या लढायांना दोन वाक्ये द्यावीत. मुलूख कसा लावून दिला, वसूल कोण करी आणि हिशेब कोणाकडे जाई, याला दोन पाने द्यावीत.

सत्ता कोणाच्या नावाने चालली, हा प्रश्न वरवर औपचारिक वाटतो, परंतु वारसा समजून घेताना तो फार उपयोगी पडतो. 1784 मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद पेशव्यांच्या नावे दिले आणि त्याचा प्रत्यक्ष कारभार महादजींकडे आला. म्हणजे उत्तरेत सर्व अधिकार हाती असलेला माणूस कागदोपत्री पेशव्यांचा चाकर होता, आणि हा पेशवाही बादशहाचा नेमलेला अधिकारी ठरत होता. महादजी स्वतःला पाटील म्हणवत, याचे कौतुक करून आपण सहसा पुढे जातो. माझ्या मते त्या नम्रतेत राजकीय हिशेबही होता, कारण मूळ धन्याचे नाव पुढे ठेवले की इतर सरदारांचा विरोध बोथट होतो. तथापि हा तर्क आहे, आणि लेखात तर्क हा तर्क म्हणूनच मांडावा.

तिसऱ्या प्रश्नापाशी महादजींची बाजू दुबळी पडते. 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना पुत्र नव्हता. नात्यातील दौलतराव ऐन किशोरवयात गादीवर आले. पुढे महादजींच्या विधवा स्त्रिया आणि दौलतराव यांच्यात उघड युद्ध जुंपले, डी बॉइन आधीच चाकरी सोडून गेला होता, आणि एकाच पुरुषाच्या वजनावर उभी असलेली व्यवस्था धन्याविना राहिली. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या मैदानात त्याच कवायती पलटणी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याच्या फौजेसमोर कडवेपणाने लढल्या आणि हरल्या. त्या पराभवावरून महादजींचे सैन्य निकृष्ट होते असा निष्कर्ष काढू नये. ते कोणाच्या आज्ञेत आणि कोणत्या हेतूने लढत होते, हे आधी तपासावे.

साधनांसाठी शहराबाहेर जाण्याची घाई नको. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार, टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटी आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, या तीन ठिकाणी आरंभीचे काम होऊ शकते. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडून 45 खंडांत छापलेले कागद बाळबोध लिपीत असल्याने मोडी न येणाऱ्यालाही वाचता येतात. पुणे रेसिडेन्सीच्या, म्हणजे पुण्यातील इंग्रज वकिलातीच्या, छापील पत्रव्यवहारात महादजींविषयीचा मजकूर विपुल आहे, मात्र तो लिहिणारे ईस्ट इंडिया कंपनीचे वकील होते आणि महादजींच्या वाढत्या सामर्थ्याची त्यांना धास्ती होती, हे प्रत्येक पत्र वाचताना ध्यानात ठेवावे. एकाच घटनेचे मराठी पत्र आणि इंग्रजी पत्र शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्यावी. विसंगती आढळेल तेथे थांबावे, कारण लेखाचा सर्वांत चांगला परिच्छेद बहुधा तेथेच सापडतो.

स्मारके पाहावीत, पण त्यांना पुरावा मानताना सावध राहावे. रीगल सिनेमासमोरचे वेलिंग्टन कारंजे वेलस्लीच्या 1801 आणि 1804 मधील मुंबईभेटींची आठवण म्हणून 1865 मध्ये उभारले गेले, म्हणजे तो 1828 मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होऊन आणि 1852 मध्ये मरण पावून बराच काळ लोटल्यावर. ते 1803 पेक्षा कापसाच्या तेजीतल्या मुंबईविषयी अधिक सांगते.

तुलना करावयाची असल्यास एकच जोडी घ्यावी, आणि काळ शक्यतो सारखा असावा. 1958 ते 1969 या काळात दोन सेनानी सत्तेवर होते: फ्रान्समध्ये द गॉल आणि पाकिस्तानात अयूब खान. दोघांच्याही आगमनामागे सैन्याचे दडपण होते. अल्जीरियातील लष्करी बंडाच्या छायेतच द गॉल यांना पाचारण झाले होते. दोघांनीही नवी राज्यघटना आणली. परंतु एप्रिल 1969 मध्ये सार्वमत विरुद्ध गेल्यावर द गॉल यांनी राजीनामा दिला, तेव्हा त्यांच्याच घटनेप्रमाणे सिनेटच्या अध्यक्षांनी हंगामी कारभार पाहिला आणि जूनमध्ये निवडणूक झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये पायउतार होताना अयूब यांनी मात्र, 1962 च्या आपल्याच घटनेनुसार कारभार राष्ट्रीय सभेच्या सभापतींकडे जायला हवा असताना, तो लष्करप्रमुख याह्या खान यांच्या स्वाधीन केला. तिसऱ्या प्रश्नाचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल, म्हणून ते लेखात असावे. परंतु एका परिच्छेदात आटोपावे, नाहीतर महादजी मागे पडतील.

लिहायला बसण्यापूर्वी सनावळी पक्की करून घ्यावी. पेशवेकालीन पत्रांत सुहूर सन ही त्या काळची कालगणना आणि चंद्रमहिन्याची तारीख असते. सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येते, परंतु हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास बदलत असल्याने कोणता आकडा मिळवावयाचा हे महिन्यावरून ठरते. जंत्रीवरून, म्हणजे जुन्या तारखांशी इसवी दिनांक जुळवणाऱ्या कोष्टकावरून, प्रत्येक तारीख ताडून टिपणाच्या कोपऱ्यात इसवी दिनांक लिहावा आणि मूळ तारीखही तशीच राहू द्यावी, म्हणजे पुढे शंका आल्यास पुन्हा पडताळता येईल.