जुन्या मोटरहोममध्ये पाऊस गळतोय? दुरुस्ती करताना या चुका टाळा

मोटरहोममध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, बिछान्याच्या वरच्या कोपऱ्यात पिवळसर डाग दिसला की बहुतेक जण सीलंटची नळी घेऊन छतावर चढतात आणि बरोबर त्या डागाच्या वर थापून मोकळे होतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पाणी एका फटीतून शिरतं, आतल्या लाकडी पट्टीवरून किंवा वायरीच्या कडेने उताराकडे सरकतं आणि वाट मिळेल तिथे ठिबकतं. गाडी पुढे कलून उभी असेल, तर छताच्या मधल्या व्हेंटचं (हवेच्या झरोक्याचं) पाणी ड्रायव्हरच्या सीटवरही पडू शकतं. त्यामुळे आधी गाडीचा कल बघा आणि डागापासून चढाच्या दिशेने शोधत जा.

पाणी वरून मारू नका

पाइप थेट छतावर सोडला की पाणी चारही बाजूंनी ओघळतं. मग खिडकी गळतेय की छताचा सांधा, काहीच कळत नाही. सुरुवात खालून करा. आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, त्यानंतर कोपऱ्याची पट्टी आणि छत सगळ्यात शेवटी. धार हलकी ठेवा, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबा आणि एकाला टॉर्च देऊन आत बसवा. प्रेशर वॉशरचा मोह आवरा. त्याच्या माऱ्याने पाणी पावसात कधी शिरलं नसतं अशा जागीही घुसतं, शिवाय चांगलं सीलंटही उखडतं.

छतावर जपून चढा. जुन्या छताखालचं प्लायवूड कुजलेलं असेल तर पाय आत जातो. रुंद फळी टाकून त्यावरच वजन द्या.

सगळ्यावर सिलिकॉन हा उपाय नाही

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीमुळे होतं. घरातल्या बेसिनसाठी आणलेलं सिलिकॉन उरलेलं असतं, तेच छतावर जातं. वर्षभर बरं दिसतं, मग कडेने सुटायला लागतं. आणि खरी पंचाईत पुढेच असते, कारण सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागेवर दुसरं सीलंट नीट धरत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर काही धातूंना गंज चढवतं.

जुना थर प्लास्टिकच्या खरवडणीने पूर्ण काढा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धी दुरुस्ती यातच आहे. मग जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. छत रबराचं असेल तर पेट्रोल, टर्पेंटाइन असली द्रावणं लांब ठेवा, त्यांनी रबर फुगतं. व्हेंट, अँटेना किंवा दिव्याच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) हवी. सपाट छतावर स्क्रूच्या डोक्यांवर आपोआप पसरणारं लॅप सीलंट लावा, उभ्या बाजूला न ओघळणारं. प्लास्टिकच्या व्हेंटवर पॉलियुरेथेन सीलंट लावण्याआधी डब्यावरची सूचना वाचा. काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

स्क्रू एकदम आवळून टाकू नका. सगळी टेप बाहेर पिळली जाते आणि आत काही उरत नाही. थोडं आवळा, टेप बसू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं.

खिडकीच्या खालची भोकं

बऱ्याच खिडक्यांच्या चौकटीत, तळाशी बाहेरच्या बाजूला बारीक फटी असतात. रुळात साठलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. गळतीचं कारण समजून त्या बुजवल्या की पाणी रुळातून उलटं आत येतं. तार किंवा दात कोरायच्या काडीने त्या मोकळ्या करा. सील करायची ती चौकट आणि भिंत यांच्यामधली वरची आणि बाजूची कड.

पुढच्या टपावरचे छोटे मार्कर दिवे आणि कोपऱ्याच्या अॅल्युमिनियम पट्टीतली प्लास्टिकची फीत याही जागा विसरल्या जातात. फीत उन्हाने आकसली की खालचे स्क्रू उघडे पडून गंजतात आणि त्याच भोकांतून पाणी भिंतीत मुरतं.

छतावरचा एसी गळतोय असं वाटलं, तर आधी ते पावसाचं पाणी आहे की एसीचंच, हे ठरवा. कोरड्या दिवशी एसी चालू असताना ठिबकत असेल तर निचऱ्याची वाट तुंबलेली असेल. फक्त पावसात गळत असेल तर गॅस्केट, म्हणजे एसी आणि छत यांच्यामधली मऊ पट्टी, बघा. ते आतल्या बोल्टनी दाबलेलं असतं. बोल्ट ढिले असतील तर आळीपाळीने समान आवळा, गॅस्केट पूर्ण चेपलेलं असेल तर बदला. एसीच्या कडेने बाहेरून सीलंट फासू नका, निचऱ्याचं पाणी अडकून पडतं.

ओल आत कोंडू नका

बाहेरून छान सील झालं आणि आत प्लायवूड ओलंच राहिलं, तर कूज चालूच राहते. आतलं पॅनेल उघडून पंखा किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा. ओल मोजायचं यंत्र असेल तर गाडीतल्याच कोरड्या भागाशी तुलना करा. नुसत्या आकड्यावरून फारसं कळत नाही. भिंतीचा बाहेरचा पत्रा फुगला असेल किंवा स्क्रू जागीच फिरत असेल, तर लाकूड गेलंय. तिथे मोठा स्क्रू घालून भागत नाही. कुजलेला भाग कापून नवीन लाकूड बसवा, मगच टेप आणि सीलंट.