सोशल मीडिया एजन्सी नेमताय? या चुका टाळा

माझा धंदा छपाईचा, शनिवार पेठेत. डबे, पिशव्या, कार्डं छापायला येणारे दुकानदार एजन्सीचं रडगाणंही माझ्याच टेबलावर गातात. चुका ठरलेल्या, फक्त दुकानं वेगळी.

पेज दुसऱ्याच्या नावावर

सगळ्यात महागडी चूक हीच. कोथरूडच्या एका फराळवाल्या बाईंचं सांगतो. एजन्सीच्या पोराने 'मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेताय' म्हणत पेज स्वतःच्या फेसबुकवरून उघडलं. जाहिरातींचं खातं एजन्सीचं. पेजवरचा व्हॉट्सअॅप नंबरसुद्धा त्यांच्याच ऑफिसातल्या सिमचा. दोन दिवाळ्या झकास गेल्या. तिसऱ्या वर्षी पैशांवरून वाजलं, पोरगं नोकरी सोडून गेलं आणि ऐन वसुबारसेच्या तोंडावर बाईंना स्वतःच्याच पेजवर चकलीचा भाव बदलता येईना. जुनी गिऱ्हाईकं त्या नंबरवर ऑर्डरी टाकतायत, तिकडे बघायला कोणी नाही. आधीच्या जाहिरातींचा सगळा हिशेबही एजन्सीच्याच खात्यात अडकला. नवं पेज काढावं लागलं. डब्यांवर जुन्या पेजचा क्यूआर कोड छापून झाला होता. त्यावर स्टिकर चिकटवायला माझी दोन माणसं रात्री उशिरापर्यंत बसली.

हे टाळायला अर्धा तास पुरतो. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी म्हणजे मेटा. तिचा बिझनेस पोर्टफोलिओ, म्हणजे धंद्याची सगळी खाती एकत्र ठेवायची जागा, आपल्या ईमेलवर उघडायचा, पेज, इन्स्टाग्राम आणि जाहिरात खातं त्यात ठेवायचं आणि एजन्सीला पार्टनर म्हणून जोडायचं. पासवर्ड द्यावाच लागत नाही. बिनसलं की पार्टनर काढून टाकायचा. घरातलं आणखी एक माणूस अॅडमिन ठेवा, म्हणजे तुमचा फोन हरवला तरी काम अडत नाही. गूगल मॅपवरच्या दुकानाचंही तसंच: मालक तुम्ही, एजन्सी फक्त मॅनेजर. एवढ्यालाही 'वेळ नाही' म्हणणाऱ्यांना मी आता समजावत बसत नाही.

'सगळं मिळून इतके'

महिन्याला 25 हजार, त्यातच जाहिरात आली. मग मेटाला त्यातले किती गेले? विचारलंत तर एक्सेल शीट येते, बिल येत नाही. जाहिरात खात्यावर कार्ड आपलं लावा आणि बिलिंगमध्ये आपला जीएसटी नंबर भरा. बिल तुमच्या नावावर येतं आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची, यात क्रेडिट मिळत नाही) नसाल तर त्यावरच्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिटही घेता येतं. एजन्सीची फी वेगळी, तिचं बिल वेगळं.

संकष्टीच्या शुभेच्छा

'महिन्याला 15 पोस्ट' म्हणजे काय, ते एकदा उघडून बघा. संकष्टी, एकादशी, कुठला तरी जागतिक दिन, आणि कोपऱ्यात तुमचा लोगो. भोसरीत मशीनचे पार्ट बनवणाऱ्या माणसाला संकष्टीच्या पोस्टवरून कोण ऑर्डर देणार? शुभेच्छा मोजणीत धरायच्या नाहीत, हे मी सगळ्यांना आधीच लिहून घ्यायला सांगतो.

महिन्यात दहा हजार फॉलोअर देतो म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

एजन्सी निवडताना फोटोंचं पुस्तक बघू नका. त्यांच्या तीन गिऱ्हाइकांची नावं घ्या आणि मेटा अॅड लायब्ररीत शोधा. कुठल्याही पेजच्या चालू जाहिराती तिथे फुकट दिसतात. नंतर त्या मालकांना फोन करा आणि लाइक किती आले ते न विचारता विचारणा किती आल्या ते विचारा.

दुकान सातारा रस्त्यावर आणि जाहिरात अख्ख्या महाराष्ट्रात, असलं काही चालू नाही ना, तेही पहिल्याच आठवड्यात तपासा. रीलला सिनेमाचं गाणं लावत असतील तर थांबवा, धंद्यासाठी वापरायला परवाना लागतो. इन्फ्लुएन्सरला पैसे दिले असतील तर पोस्टवर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. अॅस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे याबाबतचे नियम 2021 पासून आहेत.

आता मालकांबद्दल. रात्री अकराला 'अजून एकही फोन नाही, जाहिरात बदला' असा मेसेज टाकणारे एजन्सीपेक्षा जास्त नुकसान करतात. मेटाच्या जाहिरातीला बस्तान बसवायला आठवड्यात साधारण 50 विचारणा लागतात आणि मोठा बदल केला की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बजेट लहान असेल तर वेळ आणखी जातो. तीन महिने हात लावू नका. तेवढा धीर नसेल तर ते पैसे दुकानाच्या पाटीवर घाला.

करारात नोटीस महिन्याभराचीच ठेवा, आणि फोटो-व्हिडिओच्या मूळ फाइल दर महिन्याला आपल्या हार्डडिस्कवर उतरवून घेतल्याशिवाय बिल चुकतं करू नका.