करुणेच्या यादीतून स्वतःचं नाव खोडू नका

विहारात नियमित जाता, त्रिसरण-पंचशील पाठ आहे, ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ म्हणताना आतून हलायला होतं आणि आता मैत्री-करुणेचा, म्हणजे सगळ्यांचं सुख चिंतण्याचा आणि त्यांचं दुःख सुटावं असं वाटण्याचा, रोजचा सराव मनावर घेतलाय, अशांसाठी हे लिखाण आहे. चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग तुम्हाला ठाऊक आहेत असं धरलंय.

आधी एक गोंधळ मिटवू. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सद्धम्माचा विचार प्रज्ञा, शील, करुणा आणि त्यापुढे मैत्री असा चढत जातो. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांपर्यंत. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी लिहिलेल्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात मात्र मैत्री पहिली, करुणा दुसरी, मग मुदिता (दुसऱ्याच्या सुखाचा आनंद), मग उपेक्षा (मनाचा समतोल). यातलं एक चूक असणार असं समजून वंदना झाल्यावर चहाच्या गाड्यावर तासभर वाद रंगतो. दोन्ही बरोबर आहेत. बाबासाहेब धम्माचा आवाका सांगताहेत, बुद्धघोष बसल्या जागी मनाला वळण लावायचा क्रम सांगताहेत. ध्यानाच्या बैठकीला दुसरा क्रम धरा. ज्या मनाला अजून कुणाचं सुख धडपणे चिंतता येत नाही, त्याला थेट दुःखासमोर नेऊन बसवलं तर ते खचतं.

बैठक पहाटेची ठेवा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पत्र्याच्या खोलीत सकाळी सातनंतर बसणं म्हणजे घामाशी कुस्ती. साडेपाचला 25 मिनिटं पुरतात: पाच मिनिटं श्वास, दहा मिनिटं स्वतःसाठी मैत्री, दहा मिनिटं एका आदरणीय माणसासाठी. पहिला महिना एवढंच. स्वतःसाठी जुनं वाक्य आहे, ‘अहं अवेरो होमि, अब्यापज्झो होमि, अनीघो होमि, सुखी अत्तानं परिहरामि.’ माझ्यात वैर नसो, द्वेष नसो, त्रास नसो, मी सुखाने स्वतःला सांभाळो. पाली जड जात असेल तर सरळ मराठीत म्हणा, पण वाक्य रोज बदलू नका. दर दोन दिवसांनी नवीन वाक्य शोधणारा माणूस वाक्यं जमवत बसतो, मैत्री राहून जाते.

आदरणीय माणूस निवडताना दोन अटी पक्क्या पाळा. तो जिवंत असावा आणि त्याच्याविषयी शारीरिक ओढ नसावी. दुसरी अट सगळ्यांना पटते, पहिलीवर लोक अडतात. आपल्याकडे डोळे मिटले की आधी बाबासाहेब येतात, नाहीतर गेलेली आई. विसुद्धिमग्गात स्पष्ट म्हटलंय की मृत व्यक्तीवर मैत्री बांधली तर चित्त एकाग्रतेच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही. तिथे मन हळवं होतं, आठवणींत शिरतं आणि आपल्याला वाटतं बैठक फार छान झाली. बाबासाहेबांबद्दलची कृतज्ञता वंदनेत मांडा, आईची आठवण पुण्यानुमोदनात, म्हणजे गेलेल्यांसाठीच्या विधीत. बैठकीत शाळेतल्या जुन्या बाई घ्या, ओळखीतल्या परिचारिका घ्या, हयात असलेलं कुणीही.

दुसऱ्या महिन्यात तटस्थ माणूस, म्हणजे ना आवडता ना नावडता. हा टप्पा बेचव लागतो म्हणून निम्मे लोक तो गाळतात, तसं करू नका. रोज दिसणारा, नाव माहीत नसलेला कुणीतरी धरा: रेशन दुकानात काट्यावर बसणारा, सिटी बसचा कंडक्टर. पंधरवडाभर तोच माणूस. मनात काहीच उमटत नाही ही तक्रार येईल. चालतं. उमटायला वेळ लागतो, सराव वाया जात नाही.

मग वैरी. सगळ्यात मोठ्या शत्रूपासून सुरुवात करणं हा शूरपणा नाही, आततायीपणा आहे. जातीवरून अपमान केलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी समोर बसवू नका. त्याच्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर ती करा. मैत्रीभावना म्हणजे तक्रार मागे घेणं नव्हे. सरावाला छोटा राग घ्या. विडी कारखान्यात हजारामागे मजुरी असते आणि माल तपासणारा मूठभर विड्या नापास म्हणून बाजूला ढकलतो. ज्या बाईने रात्री दिव्याखाली बसून त्या वळलेल्या असतात, तिच्यासाठी तो तपासनीस हा योग्य विषय. राग उसळला तर बुद्धघोषांनी एकामागून एक उपाय दिलेत: पुन्हा आदरणीय माणसाकडे वळा, त्या वैऱ्याचं एखादं चांगलं वागणं आठवा, रागावून आपलंच काय जळतं ते पाहा, नेमका कशावर राग आहे, त्याच्या केसांवर, नखांवर, दातांवर, असं सुटं करून बघा. काहीच चाललं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे त्याला काहीतरी द्या आणि त्याच्याकडून काहीतरी घ्या. डब्यातली शेंगा चटणी पुढे करण्याने जे होतं ते कधीकधी महिनाभराच्या बैठकीने होत नाही.

एवढं सवयीचं झालं की करुणा. इथे क्रम बदलतो. मैत्री स्वतःपासून सुरू होते, करुणा सुरू होते समोर दिसणाऱ्या खरोखर हालात असलेल्या माणसापासून. मग प्रिय माणूस, मग तटस्थ, मग वैरी. चिंतायचं ते असं: ‘हा जीव मोठ्या अडचणीत सापडलाय, या दुःखातून सुटला तर किती बरं.’

आणि इथेच नवखे फसतात. दहातले नऊ, असं म्हणायचा मोह होतो. त्या वाक्याचे दोन भाग आहेत: दुःख दिसणं आणि ते सुटावं असं वाटणं. नवखा माणूस पहिल्या भागातच मुक्काम ठोकतो. दुःखच बघत बसतो, ते आपल्या अंगात ओढून घेतो, रडतो आणि डोळे पुसत उठताना त्याला वाटतं, आज करुणा जागली. विसुद्धिमग्गाची कसोटी दोन ओळींची आहे: हिंसेची वृत्ती शमली की करुणा साधली, शोक उपजला की बिघडली. क्रूरता हा करुणेचा दूरचा शत्रू, तो कुणालाही ओळखता येतो. शोक हा जवळचा शत्रू. तो करुणेसारखाच दिसतो, बोलतो, घरात वावरतो, म्हणून त्याला कुणी हटकत नाही.

हे पुन्हा सांगतो, कारण एकदा वाचून कळत नाही. दुसऱ्याचं दुःख पाहून जीव हलणं यात दोष नाही. परदुःख सहन न होणं हे करुणेचं कामच आहे. प्रश्न पुढच्या क्षणाचा आहे. जीव हलल्यावर मन त्या माणसाकडे जातं की स्वतःकडे वळतं? ‘त्याला आता काय लागेल?’ असा प्रश्न आला तर ठीक. ‘मला हे बघवत नाही’ यावरच गाडी अडली तर तो शोक. सल्लसुत्त या बुद्धांच्या उपदेशात दोन बाणांचा दाखला आहे: पहिला बाण शारीरिक वेदनेचा, दुसरा त्यावर केलेल्या मनाच्या आक्रोशाचा. नवखा करुणेच्या नावाखाली दुसऱ्याच्या जखमेवरून स्वतःला बाण मारून घेतो.

शोक बैठकीत ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. छाती दडपते, खांदे वर चढतात, श्वास आखूड होतो. एकच चित्र फिरून फिरून येतं. उठल्यावर घरच्यांशी बोलायला नको वाटतं. यातलं काही दिसलं की करुणा तिथेच थांबवा आणि पाच मिनिटं स्वतःसाठीच्या मैत्रीवर या. मग परत जा, पण वाक्याच्या दुसऱ्या भागावर भर देऊन: सुटला तर किती बरं. तो माणूस सुटलेला, बरा झालेला डोळ्यांसमोर आणा. तरीही छाती दडपत असेल तर त्या दिवशीपुरतं सोडून द्या. यात कमीपणा काही नाही.

न थांबवता रेटलं तर काय होतं, तेही सांगायला हवं. काही महिने माणूस ओसंडून वाहतो, प्रत्येकाच्या मदतीला धावतो. मग थकतो. मग ज्यांच्यासाठी धावला त्यांच्यावरच चिडतो, ‘यांना किंमतच नाही’ हे वाक्य तोंडात बसतं. मग एक दिवस त्याला काहीच वाटेनासं होतं आणि त्याला तो उपेक्षा म्हणतो. ती उपेक्षा नाही, कोडगेपणा आहे. उपेक्षेचाही जवळचा शत्रू आहे: अज्ञानातून आलेली बेफिकिरी. विहारांची कामं करणारी कितीतरी चांगली माणसं याच वाटेने कडवट झालेली दिसतात आणि त्यांना कुणी वेळेवर थांबवलेलं नसतं.

यावरची सर्वात नेमकी परीक्षा विसुद्धिमग्गातच आहे. चौघे बसलेत: तुम्ही, तुमचा प्रिय माणूस, एक तटस्थ, एक वैरी. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळी द्यायला एक द्या. ‘वैऱ्याला न्या’ म्हणालात तर मैत्रीची सीमा, म्हणजे आपला-परका ही भिंत, मोडली नाही, हे उघड आहे. पण ‘मला न्या, यांना सोडा’ म्हणालात तरी ती मोडली नाही! चौघांपैकी एकही देण्याजोगा दिसत नाही, तेव्हाच ती मोडली. त्यागाच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या मनाला हे पचत नाही. विशेषतः घरात सगळ्यांचं आजारपण काढणाऱ्या, शिळी भाकरी स्वतःच्या ताटात घेणाऱ्या बायकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. सेदकसुत्तातला बांबूवरचा कसरतपटू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, तसं नको गुरुजी. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा. बुद्धांनी शिष्याची बाजू घेतली, आणि स्वतःला राखणारा इतरांना राखतो, इतरांना राखणारा स्वतःला राखतो, असं दोन्ही अंगांनी सांगितलं.

बैठकीबाहेर करुणेला हातपाय लागतात. महावग्ग या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद स्वतः धुतात, उचलून खाटेवर ठेवतात, आणि मग बुद्ध म्हणतात, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिलेत: औषध तयार करता येणं, काय चालतं, काय चालत नाही ते कळणं, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणं, मलमूत्र, थुंकी, वांतीची किळस नसणं, योग्य वेळी धीराचं बोलता येणं. बोलणं पाचवं आहे. आपण तिथूनच सुरुवात करतो.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन काही करायचं ठरवलं तर आधी वॉर्डच्या सिस्टरना विचारा. फळं वाटून फोटो काढू नका. पथ्यावरच्या रुग्णाच्या हातात केळं देणं म्हणजे दुसरा गुण नसल्याचा पुरावा. नातेवाइकांना बहुतेक वेळा लागतं ते वेगळंच: योजनेच्या कागदांसाठी रेशनकार्ड-ओळखपत्राच्या झेरॉक्स, औषधाच्या खिडकीसमोर रांगेत उभं राहायला माणूस, रात्री चार तास झोप मिळावी म्हणून खाटेशेजारी बसणारं कुणी. अक्कलकोटकडून किंवा सीमेपलीकडून आलेल्या माणसाला डॉक्टर काय म्हणाले ते कन्नडमध्ये सांगणारा भेटला तर अर्धा ताण उतरतो. घरात तेलुगू किंवा कन्नड असेल तर तुमच्या हातात मोठं साधन आहे, ते वापरा. वेळ आधीच बांधून घ्या, दोन तास, आणि संपला की निघा. 14 एप्रिलच्या शिबिरात रक्त देत असाल तर पुढच्या वेळेचं अंतर पुरुषांनी तीन, स्त्रियांनी चार महिने ठेवा. उत्साहात हेही मोडलं जातं.

नोकरी सोडून पूर्णवेळ धम्मकार्य करावं का, असं बरेच तरुण विचारतात. नको. दीघजाणू नावाच्या गृहस्थाने बुद्धांना विचारलं की आम्ही मुलाबाळांत राहणारे, चंदन लावणारे गृहस्थ, आमच्यासाठी काय? त्याला कष्ट, मिळवलेल्याची राखण, कल्याणमित्र आणि आवक पाहून खर्च, हे चार धडे मिळाले. घर सोड असं सांगितलं नाही. गृहस्थांसाठीच्या सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग आहेत: एक खर्चाला, दोन धंद्यात, एक अडचणीसाठी राखून. दानाचा वेगळा पाचवा भाग त्यात नाही, हे कर्ज काढून भोजनदान देणाऱ्यांनी बघावं. स्वतःचे चार यंत्रमाग असतील तर त्याच सुत्तातली मालकाची पाच कर्तव्यं वाचा: झेपेल तेवढं काम, जेवण-मजुरी, आजारपणात काळजी, गोडधोडात वाटा, वेळेवर सुट्टी. कामगाराला तापात पाळीवर उभं करून संध्याकाळी करुणाभावना करणाऱ्या मालकाबद्दल न बोललेलं बरं.

बासरीच्या सुरावर ‘प्रेम पाठवा’ म्हणणारे व्हिडिओ झोप लागण्यापुरते ठीक. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात मैत्री शेवटच्या दिवशी येते, नऊ दिवसांची मेहनत झाल्यावर. तेवढाच गोड भाग उचलून काही मिळत नाही. मार्गदर्शक निवडताना त्याचं भाषण ऐकू नका, तो चहावाल्या पोराशी कसा बोलतो ते बघा. तुम्ही थकलात हे ओळखून ‘आठवडाभर घरी बस’ म्हणणारा भेटला तर त्याला सोडू नका. आनंद म्हणाला होता, कल्याणमित्रता म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे अर्धं धम्मजीवन. बुद्धांनी दुरुस्त केलं: अर्धं नव्हे, सगळंच. असा कुणी नसेल तर दोघं-तिघं मिळून आठवड्यातून एकदा बसा, तेवढ्यावरही बरंच निभावतं.

सराव सुरू करायला वर्षावास बरा, म्हणजे भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. पुष्कळ विहारांत तेव्हा रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, त्यामुळे चुकलेली बैठक लगेच सावरता येते. तालुक्यातून सोलापुरात येणार असाल तर आषाढी पौर्णिमेआधी चार दिवस एकादशी असते हे ध्यानात ठेवा. त्या आठवड्यात गाड्या पंढरपूरकडे वळलेल्या असतात, तेव्हा परतीच्या एसटीची चौकशी निघण्याआधीच करा.