भरती होते, ओहोटी होत नाही: हायड्रोपोनिक्सचा स्वस्त कंट्रोलर बनवताना या चुका टाळा

"कोड पाठवलाय, जरा बघून सांगा ना काय चुकलंय." महिन्यातून दोनदा तरी असा निरोप येतो. सोबत फोटो असतो: ट्रे काठोकाठ भरलेला, बाल्कनीत पाणी, आणि कोपऱ्यात ब्रेडबोर्डवर रंगीबेरंगी वायरींचा गुंता. मी कोड न उघडताच विचारतो, "ओव्हरफ्लोचा पाइप किती इंची घेतलाय?" मग तिकडून बराच वेळ उत्तर येत नाही.

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, खताच्या पाण्यावर रोपं वाढवणं. त्यातली भरती-ओहोटीची पद्धत तशी साधी. खाली ड्रम, वर ट्रे, ट्रेमध्ये क्ले बॉल्स (भाजलेल्या मातीच्या गोळ्या) आणि त्यात रोपं, शिवाय जास्तीचं पाणी ड्रममध्ये परत सोडणारा ओव्हरफ्लोचा पाइप. पंप दिवसातून चार-पाच वेळा पंधरा-पंधरा मिनिटं चालतो आणि पोषकद्रव्यांचं पाणी मुळांपर्यंत चढवतो. पंप थांबला की तेच पाणी त्याच नळीतून, पंपातूनच उलटं ड्रममध्ये उतरतं आणि उतरताना मुळांशी ताजी हवा ओढून घेतं. कंट्रोलरला कामं दोनच, पंप लावणं आणि बंद करणं. नवशिके सगळा जीव पहिल्यात ओततात, घात मात्र दुसऱ्यात होतो. पंप लागला नाही तर पालक दुपारपर्यंत मान टाकतो आणि पाणी दिलं की बहुतेक वेळा सावरतो. बंद झाला नाही तर काय होतं, ते मी खालच्या मजल्यावरच्या आजींकडून शिकलो.

पंधरा मिनिटांचे पन्नास दिवस

मी मुंबईत माहीमला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहिला कंट्रोलर नोडएमसीयू या वायफायवाल्या छोट्या बोर्डवर केला होता आणि तो तीन महिने बिनतक्रार चालला. मग माझ्याच हातून त्याच्या पाच व्होल्टच्या पिनेला बाराचा सप्लाय लागला आणि तो गेला. गणपती दोन दिवसांवर आलेले, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायला वेळ नव्हता. घरात एक आर्डुइनो नॅनो, म्हणजे तसाच पण साधा बोर्ड, पडून होता. तोच कोड, फक्त पिनांचे नंबर बदलून त्यात भरला. संध्याकाळची भरती सुरू झालेली बघितली आणि सामान आणायला दादरला गेलो.

तासाभरात फोन. "अरे, वर नदी सोडलीयेस की काय? माझ्या मखरावर पाणी पडतंय!" आजींनी पंधरा दिवस बसून कागदाची फुलं केली होती. मी पोचलो तेव्हा जास्वंदीचा लाल रंग भिंतीवरून ओघळत होता.

कोडमध्ये भरतीची वेळ मी '१५ गुणिले ६० गुणिले १०००' अशी मिलिसेकंदांत लिहिली होती. उत्तर येतं नऊ लाख. नोडएमसीयूमध्ये साधा पूर्णांक ३२ बिटांचा असतो, त्यात नऊ लाख आरामात मावतात. नॅनोमध्ये तो १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७च्या वर काहीच मावत नाही. त्यामुळे गुणाकार उलटून उणे १७,५०४ झाला. पुढे तोच आकडा चिन्ह नसलेल्या मोठ्या चलात गेला आणि ४,२९,४९,४९,७९२ मिलिसेकंद होऊन बसला. हे होतात ४९ दिवस आणि १७ तास. नॅनोचं काहीच चुकलं नव्हतं, तो इमानदारीत ४९ दिवस थांबायच्या तयारीत होता.

उपाय दोन अक्षरांचा आहे. गुणाकारातल्या पहिल्या आकड्याला 'यूएल' (UL) जोडा, म्हणजे गुणाकार ३२ बिटांत होतो. आणि आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलरच्या वॉर्निंग मुद्दाम चालू करा. त्या बंद ठेवल्या की हा गुणाकार उलटतोय हे कुणी सांगत नाही.

मात्र आजींचं मखर कोडमुळे भिजलं नाही, हे मला पटायला आठवडा लागला. पंप चालूच राहिला तरी पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून ड्रममध्ये परत पडायला हवं होतं. माझा पाइप अर्ध्या इंचाचा होता आणि त्याच्या तोंडाशी पुदिन्याच्या मुळांची जटा व एक क्ले बॉल अडकला होता. पंपाच्या खोक्यावर ताशी ११०० लिटर लिहिलेलं असतं. दोन-तीन फूट उंचीवर तेवढं मिळत नाही, तरी मिनिटाला दहा लिटरच्या आसपास येतंच. अर्धा इंची पाइप मोकळा असला तरी तेवढ्याला पुरत नाही. ट्रे भरला आणि ड्रममधलं उरलेलं पंचवीस-तीस लिटर पाणी माझ्या लादीवरून आजींच्या छतात गेलं.

तेव्हापासून पाइप एक इंचाच्या खाली घेत नाही आणि त्याच्या तोंडावर जाळीची टोपी बसवतो. कंट्रोलर जोडायच्या आधी पंप थेट प्लगात लावतो, शेजारी स्टूल घेऊन तासभर बसतो, चहा पितो. पाणी नुसतं गोल फिरत राहिलं पाहिजे. मग भरती अर्ध्यावर असताना प्लग काढतो आणि ट्रे पूर्ण रिकामा होतो का ते बघतो. एवढं झालं की मगच नॅनोला हात लावायचा. हे सांगितलं की लोक कंटाळतात. "सर, पण अॅपवर ग्राफ कसा दाखवायचा?" अरे, आधी पाणी ड्रममध्ये परत जातंय का बघ, ग्राफ कुठे पळून जातोय!

मुळं सतत बुडून राहणं हे दुसरं दुखणं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊएक मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तीस अंशांना साडेसात. मे महिन्यात आमच्या बाल्कनीतला ड्रम तीसच्या वर असतो. त्यात ओहोटी झाली नाही तर मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि वास यायला लागतो. त्या रोपांची आशा सोडलेली बरी.

स्क्रीनवर चिनी अक्षरं

ही दुसरी तक्रारही पाठ झाली आहे. "पंप बंद झाला की डिस्प्लेवर विचित्र चिन्हं येतात, मग सगळं गोठतं." लोक डिस्प्ले बदलतात, लायब्ररी बदलतात, ओळखीतल्या एका मुलाने तर तीन नॅनो बदलले. दोष पंपाचा असतो, कारण त्यात तारेची गुंडाळी आहे. रिलेने, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमावर पंप लावणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचने, करंट तोडला की ती गुंडाळी झटका देते, संपर्कात ठिणगी पडते आणि तिचा गोंगाट शेजारच्या वायरींत घुसतो. हे रिले लावतानाच झालं तर पंप चालू अवस्थेत कंट्रोलर गोठू शकतो, म्हणजे पुन्हा आजींचं छत.

२३० व्होल्टच्या पंपाला मी समांतर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतो, दोन्ही एकमेकांना सिरीजमध्ये. कपॅसिटर एक्स-टू (थेट घरच्या विजेवर लावायच्या) प्रकारचाच, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला. दुकानदार "हा पण चालेल" म्हणून दुसरा काही हातात ठेवेल, घेऊ नका. बारा व्होल्टच्या डीसी पंपाला उलटा जोडलेला १एन४००७ डायोड पुरतो. रिलेच्या गुंडाळीला वेगळा सप्लाय द्या, आणि पंपाची वायर डिस्प्लेच्या वायरीसोबत एकाच केबल टायने बांधू नका. नीटनेटकं दिसावं म्हणून हे हमखास केलं जातं.

इतकं करूनही वॉचडॉग लावाच, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर चिप स्वतःच रीसेट होईल. फक्त जुन्या बूटलोडरचे (चिप चालू होताच आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) स्वस्त नॅनो वॉचडॉगनंतर रीसेटच्याच फेऱ्यात अडकतात. त्यात आधी ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर भरून घ्यावा लागतो.

सुरुवातीची अवस्था पंप बंद अशीच हवी. बाजारातली निळी रिले मॉड्यूल बहुतेक उलट्या तर्काची असतात: पिन लो (शून्य व्होल्ट) झाली की रिले लागतो. पिन आउटपुट केली की ती आपोआप लो होते, म्हणून आधी हाय लिहा, मग आउटपुट करा. नोडएमसीयू असेल तर डी३, डी४ आणि डी८ या पिना बूटच्या वेळी कामात असतात, रिलेला डी१ किंवा डी२ द्या.

घड्याळ आणि वायफाय

आरटीसीला (वेळ सांभाळणाऱ्या घड्याळाच्या चिपला) वेळ लावणारी ओळ सेटअपमध्ये, म्हणजे चालू होताना एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये, तशीच राहिली की दर वेळी वीज जाऊन आल्यावर घड्याळ मागे जाऊन कोड कंपाइल केलेल्या वेळेवर उभं राहतं. एकदा वेळ लावा, ती ओळ काढा, पुन्हा कोड भरा. चिप डीएस३२३१ घ्या. डीएस१३०७ स्वस्त पडते, पण तिचं घड्याळ मागेपुढे होतं आणि मधूनमधून लावत बसावं लागतं. डीएस३२३१च्या स्वस्त मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ टाकलात तर तो फुगतो, म्हणून चार्जिंगचा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने उचलून टाका.

वायफाय मिळेपर्यंत सेटअपमध्ये वाट बघत बसणारा कोड लिहू नका. राउटर बंद पडला म्हणून मेथीने का मरावं?

उरलेलं

पंपाच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवू नका. पाणी उलटं यायलाच हवं आहे.

पातळी कळावी म्हणून पाण्यात दोन उघड्या तांब्याच्या तारा सोडू नका. खताच्या पाण्यात डीसी करंटने तार आठवड्यात हिरवी होऊन झिजते आणि तांबं मुळांत जातं. पाण्यावर तरंगणारा प्लास्टिकचा फ्लोट स्विच स्वस्तात मिळतो. पण त्यातला रीड स्विच (चुंबकाने लागणारा छोटा स्विच) अगदी नाजूक असतो. त्यातून पंपाचा करंट नेऊ नका, रिलेला हुकूम देण्यापुरताच वापरा.

कंट्रोलरचा खोका ट्रेच्या वर भिंतीला लावा. वायर वरून सरळ प्लगात न नेता आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोळातून गळतील. घरात ३० मिलिअँपिअरचं ईएलसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर २३० व्होल्टचा पंप नकोच, बाराचा घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर स्क्रू टर्मिनल पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. माझी दर वर्षी हिरवी झालेली असतात.

आणि ड्रम कधी भरायचा? आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि पहिली भरतीही तेव्हाच असते. ट्रे भरलेला असताना ड्रम रिकामा दिसतो, माणूस तो काठापर्यंत भरतो, आणि दहा मिनिटांनी ट्रेमधलं सगळं पाणी खाली येतं. म्हणून ड्रमवर मार्करने दोन रेघा मारल्यात, एक ओहोटीची, एक भरतीची. तरी गेल्या रविवारी मी चुकीच्या रेघेपर्यंत भरला.